सोळा फुल्या आणि एक कोरी चौकट

कोल्हापुरात माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, कामाला येणाऱ्या बाईंचे खाडे, सगळं त्याच चौकटींत लिहिलेलं. २०२४च्या मे आणि जूनच्या पानांवर मात्र लाल पेनाच्या ठसठशीत फुल्या आहेत. एकापुढे एक सोळा. मग एक कोरी चौकट. आणि त्यानंतर एकही फुली नाही.

हे प्रकरण त्या कोऱ्या चौकटीचं आहे. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, पण मावशीच्या बाबतीत मी समुपदेशक नव्हते, भाची होते. आणि सुरुवातीला मी दिलेला सल्लाही चुकला. तेही इथे लिहिलं आहे. मावशीला सगळं वाचून दाखवलं, तिने दोन वाक्यं काढायला लावली, बाकीचं तिच्या संमतीने आहे.

मावशी ५८ वर्षांची. घरात काका, मुलगा, बँकेत नोकरी करणारी सून आणि दोन नातवंडं. मे महिन्यात रक्त तपासलं तेव्हा एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ७.८ निघाला. ६.५ किंवा त्यापुढे गेलं की मधुमेह धरतात. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, गोड कमी करायला सांगितलं आणि रोज अर्धा तास चाला म्हणाले. त्याच आठवड्यात अपार्टमेंटमधल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालण्याचं चॅलेंज सुरू झालं. त्याचा मेसेज मावशीने जपून ठेवला होता: कोणतीही सवय २१ दिवसांत लागते, सलग २१ दिवस करा, एक दिवस जरी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा.

मावशीने पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर जायला सुरुवात केली. पहाटेची वेळ माझी सूचना. इच्छाशक्ती ही स्नायूसारखी असते, दिवसभराच्या कामांनी ती दमते, म्हणून अवघड गोष्ट सकाळीच उरकावी, असं मी तिला फोनवर सांगितलं. वर्गात मी हे अनेक वर्षं सांगत आले होते. १९९८ साली रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग त्यामागे होता: ताज्या चॉकलेट बिस्किटांचा मोह आवरून मुळे खायला लावलेल्या विद्यार्थ्यांनी नंतरचं अवघड कोडं लवकर सोडून दिलं. पण २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त लोकांवर या कल्पनेची फेरतपासणी केली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य आला. ते मला माहीत होतं. तरी मावशीशी बोलताना जुनीच गोष्ट तोंडात आली, कारण ती सांगायला सोपी आहे आणि ऐकणाऱ्याला पटते. लोकप्रिय मानसशास्त्राची निम्मी अडचण हीच आहे.

सोळा दिवस छान गेले. सतराव्या दिवशी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईहून नणंद, तिचे यजमान आणि दोन मुलं आली. शाळा उघडायच्या आधीचा शेवटचा आठवडा. गाडी साडेसातच्या सुमारास येते. त्याआधी दहा माणसांच्या पोह्यांचे कांदे, दोनदा चहा, आंघोळीचं पाणी आणि दुपारच्या आमरस-पुरीची तयारी. मावशी साडेपाचला उठली होती. बूटही काढून ठेवले होते. मग ओट्यापाशी उभी राहिली, ती एकदम दुपारी दोनला बसली.

त्या दुपारी तिने दोन वाट्या आमरस घेतला. "एवीतेवी मोडलंच आहे, आता कशाला राखायचं," असं त्या वेळी मनात आल्याचं तिने मला नंतर सांगितलं. पाहुणे पाच दिवस राहिले. ते गेल्यावरही ती रंकाळ्यावर गेली नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं तिच्या जिवावर आलं. ग्रुपवर बाकीच्या बायकांनी एकविसाव्या दिवशी फोटो टाकले, त्या दिवशी तिने ग्रुप म्यूट केला. जुलैत साखर तपासायला जायचं होतं, तेही टाळलं. आकड्यात सगळं दिसेल, म्हणून.

इथे थोडं थांबून त्या आमरसाकडे बघू. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी केलेल्या प्रयोगात काही मुलींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग आइस्क्रीमची चव बघायला सांगितली. पोटात मिल्कशेक असेल तर आइस्क्रीम कमी खाल्लं जाईल, हा साधा हिशेब. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या त्यांनी खरोखरच कमी खाल्लं. पण ज्या सतत खाण्यावर ताबा ठेवून होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. त्यांच्या मनातली रेघ ओलांडली गेली होती आणि रेघच उरली नाही म्हटल्यावर थांबायचं कुठे? आपल्याकडे उपासाच्या दिवशी चुकून शेव तोंडात टाकली आणि मग "उपास मोडलाच" म्हणत संध्याकाळी पोटभर जेवलेली माणसं घरोघरी सापडतील. एका घासाने शरीराचं काहीच बिघडलेलं नसतं. तो घास म्हणजे सगळं संपलं, हा जो अर्थ आपण लावतो, तिथून पुढचं सगळं सुरू होतं.

आषाढी एकादशीला, १७ जुलैला, मी कोल्हापूरला गेले. मावशी वरीचे तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "मावशी, फिरायला जातेस ना?" ती ताटाकडेच बघत म्हणाली, "नाही गं. माझ्यात ती जिद्दच नाही. लोकांना एकवीस दिवसांत जमतं. मला सोळासुद्धा नीट झाले नाहीत."

तिला मी आधी २१ या आकड्याची गोष्ट सांगितली. मॅक्सवेल मॉल्ट्झ हे न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन. नाक किंवा चेहरा बदललेल्या रुग्णांना आरशातल्या नव्या रूपाची ओळख पटायला, आणि हात-पाय गेलेल्यांची तो अवयव अजून आहे अशी भावना ओसरायला, निदान २१ दिवसांच्या आसपास लागतात, असं त्यांना दिसलं. १९६०च्या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. म्हणजे सवय लावण्याचा तो प्रयोग नव्हताच. एका डॉक्टराने आपल्या रुग्णांकडे बघून केलेली ती नोंद होती. पुढे पुस्तकांतून, भाषणांतून, आता मेसेजमधून फिरताना त्यातलं 'निदान' गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

सवयीचा रीतसर अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केला. तो २००९-१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी प्रत्येकी एक गोष्ट निवडली, कुणी जेवणाबरोबर फळ, कुणी पाणी, कुणी थोडा व्यायाम. ती रोज एकाच खुणेला जोडून करायची, जसं नाश्त्यानंतर, आणि ८४ दिवस नोंद ठेवायची: आज हे किती आपसूक झालं? मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण माणसामाणसांतला फरक प्रचंड, १८ दिवसांपासून २५४पर्यंत. (८४च्या पुढचे आकडे अर्थातच आलेखाची रेषा पुढे नेऊन काढलेले अंदाज आहेत.) व्यायामाची सवय खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा उशिरा मुरत होती. आणि मावशीच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नव्हता.

मावशीने ऐकून घेतलं. पटलं असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. लंडनच्या ९६ लोकांनी तिची खात्री कशी पटणार? "ती शिकलेली माणसं," ती म्हणाली. संशोधन तोंडावर फेकून कुणाचं मन वळत नाही, हे मला त्या दिवशी पुन्हा कळलं.

खात्री पटली ती तिच्याच घरातल्या गोष्टीने. संध्याकाळ झाली तशी ती उठली, हात धुतले, गॅलरीतल्या तुळशीपाशी निरांजन लावलं. मी सहज विचारलं, हे किती वर्षं चाललंय? लग्न झाल्यापासून, ३४ वर्षं. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा? तेव्हा पाच दिवस सुनेने लावला. सुतक असलं की? तेव्हा नाही लावत. मग मी विचारलं, "आणि मग परत पहिल्यापासून मोजायला लागतेस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नेमाला कोण मोजतं गं? अडचण आली, सुटलं. अडचण सरली, धरलं."

जिद्द नाही म्हणणारी ही बाई. दरवर्षी चातुर्मासात काही ना काही नेम धरते. कधी रोज एक अध्याय, कधी वाती वळायच्या, कधी एखादी आवडती भाजी सोडायची. आषाढी ते कार्तिकी, चार महिने. तिच्या कल्पनेत ही जिद्द नव्हतीच, हे नुसतं 'देवाचं करणं' होतं. त्या रात्री आम्ही दोघी जमिनीवर बसून एका वहीच्या पानावर दोन रकाने करून बसलो: दिव्याचा नेम टिकतो आणि चालण्याचा का मोडला.

पहिला फरक लगेच दिसला. दिवा एका खुणेला बांधलेला आहे, उजेड कमी झाला की हात आपोआप काडेपेटीकडे जातो. पहाटेच्या चालण्याला गजराशिवाय कसलाच आधार नव्हता आणि घरात काही निघालं की पहिला बळी त्याचाच. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली 'जर-तर' पद्धतीच्या बेतावर लिहिलं आहे: 'मी व्यायाम करेन' असा मोघम निश्चय करण्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं आधीच ठरवलेलं जास्त पार पडतं.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि स्वयंमदतीच्या पुस्तकांत तो क्वचितच येतो. मावशी दिवा लावत असते तेव्हा घरातलं कुणी तिला हाक मारत नाही. नातू आला तरी "आजी देवापाशी आहे" म्हणून थांबतो. काका टीव्हीचा आवाज कमी करतात. त्या दहा मिनिटांना घराची मान्यता आहे. चालायला ती नाही. बाई फिरायला चालली म्हणजे ती मोकळी आहे, म्हणजे तिला आणखी एखादं काम सांगता येतं. सतराव्या दिवशी मावशीची इच्छाशक्ती कमी पडली नव्हती. दहा माणसांचे पोहे करायला घरात दुसरं कुणी पुढे आलं नव्हतं. 'सवय तुमच्या हातात आहे' हे वाक्य ज्याच्या हातात दुसऱ्यांचे चार डबे नसतात त्याला फार सहज म्हणता येतं. मला याचा राग येतो, आणि तो योग्य आहे असं मला वाटतं.

तिसरा फरक तिच्या बोलण्यातल्या एका अक्षरात होता. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, ती मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली. विवेकनिष्ठ मानसोपचार हे तिचं नाव अनेकांना त्यांच्यामुळेच माहीत आहे. तिचा गाभा थोडक्यात असा: घडलेली घटना आणि आपल्या भावना यांच्या मध्ये आपली समजूत बसलेली असते, आणि ती समजूत 'असं झालंच पाहिजे' अशी हट्टाची असेल तर साधी नाराजी खचण्यात बदलते. मराठीत हा हट्ट ओळखणं सोपं आहे, कारण आपण तो एका 'च'मध्ये बोलतो. मी पानावर तिचीच वाक्यं लिहिली. 'सलग एकवीस दिवस झालेच पाहिजेत.' 'एकदा मोडलं की मोडलंच.' 'माझ्यात जिद्दच नाही.' तिला सांगितलं, प्रत्येक वाक्यातला 'च' खोडून पुन्हा वाच.

तिने चष्मा लावला, पेन्सिलीने तीन 'च' खोडले आणि हळू वाचलं. सलग एकवीस दिवस झाले पाहिजेत. एकदा मोडलं की मोडलं. तिसऱ्या वाक्याशी अडली. "'माझ्यात जिद्द नाही' हे अजून खोटंच आहे," ती म्हणाली. "दिव्याला आहे की." मग ते वाक्य तिने सबंध खोडलं.

पण नेमांचा सरसकट गौरव मला करायचा नाही. अनेक व्रतांत भीतीचाही 'च' असतो, मोडलं तर काही वाईट होणारच, अशी. मधुमेहाची गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता कडक उपास धरणं तर धोक्याचं आहे. मावशीलाही त्या वर्षी उपासाच्या वेळा आणि पदार्थ डॉक्टरांना विचारूनच ठरवावे लागले. तिच्याकडून घ्यायची होती ती नेमाची बांधणी, आणि खाड्याकडे बघण्याची ती सहज नजर.

बेत असा ठरला. तुळशीपाशी दिवा लागला की चपला पायात. चपला गॅलरीच्या दाराशी ठेवायच्या, जिन्यात नाही. पाऊस नसेल तर रंकाळ्याकडे, असेल तर खाली पार्किंगमध्ये फेऱ्या, आणि कोल्हापूरच्या जुलैत पार्किंगच जास्त. सुरुवातीला दहा मिनिटं. त्या वेळात कुकर काका लावतील. हे त्यांच्यासमोर बोलून घेतलं, कारण न बोलता ते झालं नसतं. काकांना आणखी एक विनंती केली, "आज नाही गेलीस?" हे विचारायचं नाही. त्यांनी मान्य केलं. नंतर दोनदा विसरले.

फुल्या बंद. गेली तो दिवस कोरा, आणि खाडा पडला तर चौकटीत त्याचं कारण एका शब्दात. ही कल्पना मावशीची, कामवाल्या बाईंच्या खाड्यांवरून सुचलेली. जुलै-ऑगस्टच्या पानांवर बारीक अक्षरात 'पाऊस', 'ताप', 'सत्यनारायण', 'गुडघा' असं दिसतं. २१ ऑगस्टच्या चौकटीत 'कंटाळा' आहे. तो शब्द लिहायला तिला दोन दिवस लागले, आधी तिथे तिने 'काम' लिहून खोडलेलं दिसतं. मला त्या खोडलेल्या शब्दाचं फार अप्रूप वाटतं. कंटाळा आला हे स्वतःशी कबूल करून दुसऱ्या दिवशी चपला घालणं तिला आयुष्यात पहिल्यांदा जमलं असेल. २०१० साली कॅनडात मायकल वोल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या चालढकलीचा अभ्यास केला होता. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. स्वतःला कोसत राहिल्याने माणूस शिस्तीत येतो, ही आपली घरोघरची समजूत या निष्कर्षापुढे टिकत नाही.

खरी कसोटी गौरी-गणपतीत आली. ७ ते १२ सप्टेंबर, घरगुती गणपती आणि गौरींच्या विसर्जनापर्यंत, सहा चौकटींत एकच शब्द, 'गणपती', आडवा ताणून लिहिलेला. जूनमध्ये एका दिवसाने तिला पाच-सहा आठवडे घरी बसवलं होतं. आता तर सहा दिवस सलग गेले. मी तेराला फोन करणार होते, पण मुद्दाम केला नाही. चौदाला तिचाच आला, भलत्याच कामासाठी. जाता जाता म्हणाली, "काल पाय जड झालेले, सातच मिनिटं चालले."

आषाढी ते कार्तिकी, १२ नोव्हेंबर, दोन्ही दिवस धरून ११९ दिवस होतात. त्यात २७ खाडे, ९२ दिवस चालणं. शेवटी शेवटी अर्धा तास. एचबीएवनसी ७.० आला. त्यात गोळीचा वाटा किती, साखर सोडलेल्या चहाचा किती आणि चालण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही, आणि एका मावशीवरून सगळ्यांसाठी नियमही काढता येत नाही. सवय कधी लागली याची मात्र तिने स्वतःहून नोंद केली आहे. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी दिवा लावून ती खाली पार्किंगपर्यंत पोचली आणि मग तिला आठवलं, आज गुडघा दुखतोय म्हणून जायचं नाही असं दुपारीच ठरलं होतं. ७ सप्टेंबरला जागच्या जागी थांबलेला नेम ऑक्टोबरअखेर इतका मुरला होता.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. गुडघ्याचं दुखणं आहे. सुनेला बँकेतून यायला उशीर झाला की कुकरची वेळ अजून हुकते आणि काका तेव्हा पार्किंगच्या दिशेने हाक मारतात. ग्रुपवर जानेवारीत पुन्हा २१ दिवसांचं चॅलेंज निघालं, मावशीने त्यात नाव दिलं नाही. पण मागच्या वेळी मध्येच सोडलेल्या शेजारच्या दोघी आता दिवेलागणीला तिच्याबरोबर खाली उतरतात.

आणि आमरस. मार्चमध्ये तिने विचारलं, आंबा आला की काय करायचं? डॉक्टरांनी जेवणात थोडा चालेल असं सांगितलं आहे. आम्ही अर्धी वाटी ठरवली. "आणि दोन घेतल्या तर?" मी विचारलं.

"तर चौकटीत लिहीन," मावशी म्हणाली, "दोन वाट्या."